चरबी आणि हाडे : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : वय ५८, वजन बरेच जास्त. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी केलेली तुलना, उणे ०.६ आला, म्हणजे सामान्य. तरीही पाय मुरगळण्याचे निमित्त होऊन घोट्याचे हाड मोडले. जाड माणसांची हाडे भक्कम असतात ना?

उत्तर : हे अर्धेच खरे आहे. भार वाहावा लागतो म्हणून हाडांची घनता वाढते. शिवाय रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांतून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक येणे जवळजवळ थांबते, तेव्हा चरबीतले अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) अँड्रोस्टेनडायोन या संप्रेरकापासून इस्ट्रोन हा इस्ट्रोजेनचा एक प्रकार बनवते. ते सौम्य असले तरी हाड झिजवणाऱ्या पेशींना थोडा आवर घालते. लठ्ठ स्त्रियांत खुब्याचे फ्रॅक्चर कमी दिसते, त्यात पडताना मार झेलणाऱ्या चरबीचाही वाटा आहे. घोट्याभोवती मात्र तशी चरबी नसते आणि सगळा भार तिथेच येतो. त्यामुळे घोटा आणि दंड यांची फ्रॅक्चर लठ्ठ स्त्रियांत उलट जास्त आढळतात.

आता दुसरे अर्धे. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी वाढली की तिच्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ ही दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांच्यामुळे हाडांतल्या पेशी रँक-लिगँड नावाचे प्रथिन जास्त बनवू लागतात. हे प्रथिन ऑस्टिओक्लास्टच्या (हाड झिजवणाऱ्या पेशींच्या) पूर्वपेशींवरील रँक या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटले की त्या पेशी एकमेकींत मिसळून हाड खाणाऱ्या मोठ्या पेशी तयार होतात. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन रँक-लिगँडला वाटेतच अडवते. या दोघांतले प्रमाण बिघडले की हाड भरून येण्यापेक्षा झिजते जास्त. म्हणून केवळ वजन पाहू नका, कमरेचा घेरही मोजा. मांड्या-नितंबांवरची, त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी उपद्रवी असते.

डेक्साबद्दलही सांगायला हवे. ती खनिजाची घनता मोजते, आतल्या जाळीची वीण दाखवत नाही. मांसल भाग जाड असेल तर मोजणीतही चूक होऊ शकते. अशा वेळी मनगटाच्या वरच्या भागाची, म्हणजे पुढच्या हाताची मोजणी करून घेता येते. टाइप २ मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यात घनता चांगली असूनही हाडे मोडतात. आणि साध्या मुरगळण्याने हाड मोडले असेल, तर अहवाल सामान्य आहे म्हणून गप्प बसणे मला मुळीच पटत नाही. पुढची तपासणी हवीच.

प्रश्न : लेप्टिनने हाडे वाढतात असे एकीकडे वाचले, तर घटतात असे दुसरीकडे. खरे काय? रक्तातले लेप्टिन तपासून घ्यावे का?

उत्तर : दोन्ही खरे, कारण वाटा दोन आहेत. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे, १९९४ साली सापडलेले संप्रेरक आहे. चरबी जितकी जास्त, तितके ते जास्त. थेट हाडापर्यंत पोचले तर ते अस्थिमज्जेतल्या मूळपेशींना चरबीकडून वळवून हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टकडे नेते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागामार्गे गेले तर सिंपथेटिक (शरीराला सावध करणारे) मज्जातंतू जागे होतात, ऑस्टिओब्लास्टवरील बीटा-२ ग्राहकांना संदेश मिळतो आणि बांधणी मंदावते. जन्मतः लेप्टिन नसलेल्या उंदरांत हे दोन्ही परिणाम एकत्र दिसतात : मणक्यातले जाळीदार हाड भरघोस, पण मांडीचे हाड आखूड. माणसांत निदान एक गोष्ट स्पष्ट आहे. अतिव्यायाम आणि कमी खाण्याने पाळी थांबलेल्या स्त्रियांना लेप्टिन दिले, तेव्हा हाड-बांधणीचे निर्देशक वाढले. म्हणजे लेप्टिन फार कमी असणे वाईट. फार जास्त असून फायदा मात्र मिळत नाही.

अ‍ॅडिपोनेक्टिन या चरबीतूनच येणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकाचे गणित उलटे आहे. चरबी वाढली की ते घटते आणि ते जास्त असलेल्यांत हाडांची घनता बहुधा कमी आढळते. म्हणून एखाद्या संप्रेरकाला ‘हाडांचा मित्र’ किंवा ‘शत्रू’ ठरवू नये. आणि तपासणीचे म्हणाल तर नको. त्या आकड्यावरून हाडांचा उपचार बदलत नाही.

प्रश्न : मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू आहे. हाडांना धोका आहे का?

उत्तर : स्त्रियांत पायोग्लिटाझोनच्या गटातल्या औषधांनी फ्रॅक्चरचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. मज्जेतली एकच मूळपेशी चरबीची पेशी होऊ शकते किंवा ऑस्टिओब्लास्ट. पीपीएआर-गॅमा हा घटक तिला चरबीकडे ढकलतो आणि हे औषध नेमका तोच घटक चेतवते. मज्जेतली ही चरबी पोटाच्या चरबीसारखी वागत नाही. उपासमारीत ती उलट वाढते, त्यामुळे अगदी बारीक व्यक्तींतही ती भरपूर असू शकते. औषध स्वतःहून बंद करू नका. पण आधी फ्रॅक्चर झाले असेल किंवा रजोनिवृत्ती झाली असेल तर पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न : वजन उतरवायचे आहे. हाडे सांभाळून कसे उतरवू?

उत्तर : वजन १० टक्के उतरले तर खुब्याची घनता साधारण १ ते २ टक्के घटते. भार कमी होतो, इस्ट्रोजेन आणि लेप्टिन उतरते, कॅल्शियम कमी शोषले जाते आणि स्नायूही झिजतात. नुसते चालणे इथे पुरत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांवरील लठ्ठ व्यक्तींनी सहा महिने वजन उतरवले. नुसता एरोबिक व्यायाम करणाऱ्यांच्या खुब्याची घनता ३ टक्के घटली, वजने उचलणाऱ्यांची अर्धा टक्का आणि दोन्ही करणाऱ्यांची १ टक्का.

तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचा व्यायाम हवा. मांड्या, पाठ, खांदे अशा मोठ्या स्नायूंसाठी प्रत्येकी ८ ते १२ आवर्तने करा आणि शेवटची दोन जड जातील इतके वजन घ्या. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा फार वेगाने उतरवू नका. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्या. पन्नाशीनंतर स्त्रियांना आहार आणि गोळ्या मिळून कॅल्शियम १२०० मिलिग्रॅम लागते. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊ नका, शोषण घटते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबतच घ्या. ड जीवनसत्त्व चरबीत मुरते, म्हणून लठ्ठ व्यक्तींना त्याची मात्रा दुप्पट-तिप्पट लागू शकते, पण ती रक्ततपासणी पाहूनच ठरवावी. डेक्सा पुन्हा करायची तर एक-दोन वर्षांनी आणि त्याच यंत्रावर. खूप वजन उतरल्यावर मांसल भागाची जाडी बदलते आणि आकडा फसवा येऊ शकतो, हे अहवाल वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.