स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात माझ्या गेमकडे कुणी फिरकत नाही. चित्र बदलू की वर्णन?

आधी चित्र. शोधयादीत तुमचं कॅप्सूल, म्हणजे दुकानात गेमची ओळख म्हणून दिसणारं नावासकटचं चित्र, नखाएवढं दिसतं. तिथे गेमचं नाव वाचता आलं नाही तर बाकी मेहनत वाया. मोठं चित्र नुसतं आक्रसून लहान करू नका. छोट्या कॅप्सूलची मांडणी वेगळी करा: नाव जवळजवळ चौकटभर, मागे फार तर एक पात्र, गडद-फिक्याचा ठळक फरक. पुरस्कार, रिव्ह्यूंचे गुण त्यावर टाकू नका, २०२२पासून स्टीमला ते चालत नाही. चित्रकारावर थोडे पैसे खर्च करता येत असतील तर इथेच करा, अगदी मनापासून सांगते.

मग वर्णन. ‘एका अद्भुत जगात प्रवेश करा’ छापाची वाक्यं काढून टाका. खेळाडू नेमकं करतो काय, ते पहिल्याच ओळीत यायला हवं: ‘रात्री मासे पकडा, पहाटे बाजारात विका, बोटीचं कर्ज फेडा.’ आणि पहिले चार स्क्रीनशॉट प्रत्यक्ष खेळाचेच ठेवा, मेनूचे नकोत.