‘आत्महत्या केली’ की ‘आत्महत्येने मृत्यू’?

प्रश्न असा आला आहे: पाश्चात्त्य देशांतल्या तरुणांच्या आत्महत्यांवरचा इंग्रजी लेख मराठीत आणायचा आहे. तिकडे हल्ली ‘कमिटेड सुइसाइड’ऐवजी ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहा म्हणतात. मग मराठीतही ‘आत्महत्या केली’ टाळावं का?

माझ्या मते गरज नाही. इंग्रजीत खुपतं ते ‘कमिट’. खून, चोरी यांच्या पंगतीतलं ते क्रियापद आहे, आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९६१ च्या कायद्यापर्यंत आत्महत्या हा खरोखरच गुन्हा होता. वाचलेल्या माणसावर खटला भरता येई. आपलं ‘करणे’ मदतीलाही चालतं आणि प्रवासालाही. ‘आत्महत्येने मृत्यू’ चुकीचं नाही, पण लेखभर तेच वाचताना अवघडल्यासारखं होतं.

जर्मन भाषेतली अडचण आपल्याला जास्त जवळची आहे. तिथला रूढ शब्द ‘झेल्ब्स्टमोर्ड’, म्हणजे स्वतःचा खून. त्याला पर्याय म्हणून आलेला ‘फ्रायटोड’, म्हणजे मुक्त मृत्यू, उलट उदात्त वाटतो. म्हणून तिथले जाणकार दोन्ही टाळून ‘सुइत्सीड’ लिहायला सांगतात. आपल्या बातम्यांतलं ‘जीवनयात्रा संपवली’ असंच सजवलेलं आहे. ते नकोच. ‘अयशस्वी प्रयत्न’ही नको, ‘प्रयत्नातून बचावली’ म्हणा.

बातम्यांत सर्वांत जास्त खटकतं ते ‘क्षुल्लक कारणावरून आत्महत्या’. चॅड वारा हे इंग्लंडमधले पाद्री. १९३५ मध्ये त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. तिला पाळी आली होती आणि आपल्याला गुप्तरोग झालाय असं ती समजली होती. विचारायला कुणी नव्हतं. ते मरण वारांच्या मनातून गेलं नाही. पुढे १९५३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्या माणसांसाठी फोनसेवा सुरू केली, तीच आजची ‘समॅरिटन्स’. त्या मुलीचं कारण क्षुल्लक होतं, असं कोण म्हणेल? शिवाय आत्महत्येमागे बहुधा अनेक गोष्टी साचलेल्या असतात, एकच कारण चिकटवणं मुळातच धोक्याचं.

आता इंग्रजी लेखातला आत्महत्यांचा ‘रेट’. इथे ‘दर’ लिहा आणि ‘लाखामागे’ विसरू नका. अमेरिकेत १० ते २४ वयोगटात हा दर २००७ मध्ये लाखामागे ६.८ होता, २०१८ मध्ये १०.७ झाला. ही वाढ सुमारे ५७ टक्के. पण ‘५७ टक्के तरुण’ किंवा ‘प्रमाण १०.७ टक्के’ असं लिहिलंत तर अनर्थ होईल, आणि अशी घसरगुंडी भाषांतरात नेहमी होते.

मूळ लेखाखाली अमेरिकेचा ९८८ हा मदत क्रमांक असेल, तर तो तसाच उतरवू नका. आपल्या वाचकाला तो लागणार नाही. त्याजागी ‘टेली-मानस’ या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ द्या. तिथे मराठीतही बोलता येतं.