व्हेंटिलेटर काढणे हे कॅथलिक शिकवणीनुसार दयामरण ठरते का?

नाही, सुधारणेची आशा उरलेली नसताना आणि उपचारांचा भार त्यांच्या लाभाहून जड झालेला असताना व्हेंटिलेटर काढण्यास कॅथलिक चर्च दयामरण मानत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर बोलताना स्पष्ट केले होते की, जीव राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे हे कर्तव्य असले, तरी असाधारण, म्हणजे रुग्णावर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकणारे, उपाय करण्याचे बंधन नाही. दयामरणाविषयीच्या व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणापत्रानेही हीच भूमिका कायम ठेवली. येथे हेतू निर्णायक असतो, त्यामुळे मृत्यू घडवण्यासाठी दिलेले इंजेक्शन निषिद्ध ठरते, परंतु वेदना शमवण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य काहीसे घटण्याची शक्यता असली, तरी ते मान्य असते. (मारणे आणि मरू देणे यांतील नैतिक भेद जेम्स रेचेल्स यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी नाकारला आहे, आणि त्यांचा आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही.) मात्र नळीवाटे दिल्या जाणाऱ्या अन्नपाण्याला हे उत्तर जसेच्या तसे लावता येत नाही: पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली असे अन्नपाणी देणे हे तत्त्वतः उपचार नव्हे, तर सर्वसाधारण शुश्रूषा असल्याचे सांगितले, त्यामुळे शरीर ते अन्न स्वीकारू शकत असेपर्यंत नळी काढण्यास चर्चची संमती सहसा मिळत नाही.