सैतानाचा पाठलाग करू नकोस

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या प्रार्थना-गटात जायला लागल्यापासून तुला जिथे तिथे दुरात्मा दिसतो. मोबाइल बंद पडला, मित्राशी बिनसलं, अभ्यासात लक्ष लागेना, की लगेच 'येशूच्या नावाने बांधतो' असा त्या दुरात्म्याला हुकूम. आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलंयस, की हल्ली रात्री दिवा मालवायची भीती वाटते. मला विचारशील तर खरं पत्र तेवढंच होतं.

सैतान नाहीच, असं मी म्हणणार नाही. येशूने भुते काढली हे वगळलं, तर मार्कच्या पहिल्याच अध्यायाला भगदाड पडेल. पण सैतान करतो काय, हे त्याच्या नावांतच आहे. हिब्रू 'सातान' म्हणजे विरोधक, ईयोबाच्या पुस्तकात तर जवळजवळ फिर्यादी. ग्रीक 'दियाबोलोस' म्हणजे निंदक. प्रकटीकरणाच्या 12व्या अध्यायात तो रात्रंदिवस आरोप करत असतो. थोडक्यात, तो बोलतो. अरण्यात येशूची परीक्षा घेतानाही त्याने झडप घातली नाही, 91वं स्तोत्र म्हणून दाखवलं! (तेच स्तोत्र तू उशाशी चिकटवलंयस, म्हणून सांगतो. पाठांतर त्याचंही चांगलं आहे.) येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन सांगितलं आणि विषय संपवला. गळ्याच्या शिरा ताणल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

तुम्ही इफिसकरांस पत्राचा 6वा अध्याय एका सुरात म्हणता ना? एकदा एकटा बसून सावकाश वाच. 11 ते 14 या वचनांत मूळ ग्रीकमध्ये 'उभं राहणं' हे क्रियापद निरनिराळ्या रूपांत चारदा येतं. 'तुटून पडा' एकदाही नाही. तिथली शस्त्रसामग्री बघ: कमरबंद, उरस्त्राण, पायातले जोडे, ढाल, शिरस्त्राण, सगळं अंग राखायचं सामान. ढालीचा तिथला शब्द 'दार' या शब्दावरून आलाय, इतकी ती मोठी. तलवार एकच, आणि ती म्हणजे देवाचं वचन. शिवाय हे लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत होता. त्या अध्यायाच्या शेवटाकडे तो स्वतःसाठी प्रार्थना मागतो, पण बेड्या तुटाव्यात म्हणून नाही, तोंड उघडून धैर्याने बोलता यावं म्हणून. तुमच्या गटात हे वचन कितीदा वाचलं गेलंय?

याच इफिसात स्किवा नावाच्या यहूदी याजकाचे सात मुलगे भूत काढायला येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन पळाले. 'येशूला ओळखतो, पौल माहीत आहे, पण तुम्ही कोण?' हा त्या दुरात्म्याचा प्रश्न मला आजही घाबरवतो. भुतापेक्षा जास्त.

आता माझी एक चूक. तुझ्याएवढा असताना आम्ही चौघांनी आकडी येणाऱ्या एका मुलावर रात्रभर ओरडून प्रार्थना केली. सकाळी त्याच्या आईने त्याला दवाखान्यात नेलं. अपस्मार होता, गोळ्यांनी आटोक्यात आला. तो मुलगा मात्र पुढे कितीतरी दिवस आम्हाला पाहिलं की आईमागे लपायचा. मत्तयाच्या 4थ्या अध्यायात भूतग्रस्त आणि फेफरेकरी वेगवेगळे मोजलेत, हे मी नंतर पाहिलं. 17व्या अध्यायात मात्र एकाच मुलात दोन्ही आहे, म्हणजे रेघ वाटते तितकी सरळ नाही. म्हणूनच घाई नको. 1975-76 मध्ये पश्चिम जर्मनीत एका आजारी विद्यार्थिनीवर 67 वेळा भूत काढण्याचे विधी झाले आणि ती उपासमारीने गेली. तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू न्यायालयात दोषी ठरले. कॅथलिक मंडळीत हा विधी बिशपच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आधी आजार नाही ना याची खात्री करावी लागते. आपल्या मोकळ्या गटांत अशी आडकाठी कोणी घालत नाही, याची मला काळजी वाटते.

तुझ्यापुरतं सांगायचं, तर महिनाभर बांधणं-सोडणं बंद ठेव. याकोबाच्या 4:7 मध्ये 'सैतानाला अडवा'च्या आधी 'देवाच्या अधीन व्हा' आहे. आपण तो अर्धा भाग गिळतो. त्या मित्राकडे जाऊन क्षमा माग. तुझ्या हातात असलेली लढाई ती आहे. 'तू कधीच सुधारणार नाहीस' असा आवाज मनात आला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय उघड. सत्तर शिष्य 'भुतेही आम्हाला वश होतात' म्हणत उड्या मारत आले, तेव्हा येशूने त्यांचा आनंद तिथून उचलून दुसरीकडे ठेवला: तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत, त्याचा आनंद माना.

आणि दिवा चालू ठेवून झोप. त्यात अविश्वास नाही. किती आठवडे नीट झोपला नाहीस, हे डॉक्टरांना खरं सांग, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
काका