'मल्याळी चित्रपट' की 'मलयाळम चित्रपट'?

प्रश्न असा आला आहे: 'मल्याळी चित्रपट' म्हणावं की 'मलयाळम चित्रपट'? आणि 'मॉलिवूड' चालेल का?

मी 'मलयाळम चित्रपट' लिहितो. मलयाळम ही भाषा, मलयाळी हा माणूस. आपल्याकडे 'मराठी' हा एकच शब्द दोन्हींना पुरतो, म्हणून 'मल्याळी' सहज तोंडात येतं. बोलताना ते खपून जातं, लिहिताना भेद पाळावा. खुद्द त्या भाषेत जोडशब्द करताना शेवटचा 'म' गळतो आणि 'मलयाळ सिनिमा' होतं. 'ळ' मात्र मूळचाच. तो आपल्या लिपीत असताना हिंदीच्या वळणाने 'मलयालम' लिहिणं मला अजिबात पटत नाही.

मग सरळ 'केरळचा चित्रपट' का नको? कारण हा सिनेमा केरळ राज्याहून जुना आहे. राज्य झालं १ नोव्हेंबर १९५६ला. पहिला बोलपट 'बालन' १९३८चा, तोही सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने, म्हणजे तमिळ मुलखात काढलेला. पुढेही अनेक वर्षं पुष्कळसं काम मद्रासच्या स्टुडिओंत चालायचं. गाव परकं, भाषा आपली.

त्याआधीचा जे. सी. डॅनियल यांचा 'विगतकुमारन' तिरुवनंतपुरमचा खरा, पण तो मूकपट. त्यात दलित घरातल्या पी. के. रोझी यांनी नायर स्त्रीची भूमिका केली, म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले आणि रोझींना गाव सोडून पळावं लागलं. या सिनेमाचा इतिहास सांगताना मी हे नाव कधीच गाळत नाही. जातीचा तो प्रश्न १९५४मध्ये 'नीलक्कुयिल'ने थेट पडद्यावर मांडला. त्यात के. राघवन यांनी लोकगीतांच्या आणि माप्पिळा (केरळमधल्या मुस्लिमांच्या) गाण्यांच्या वळणाच्या चाली दिल्या, आणि सिनेमातलं गाणंही त्या मातीचं वाटू लागलं.

१९६५चा 'चेम्मीन' तर नावातच बोलका आहे. 'चे' म्हणजे लाल, 'मीन' म्हणजे मासा. चेम्मीन म्हणजे आपली कोळंबी. दर्यावर जगणाऱ्यांच्या त्या कथेला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं.

'मॉलिवूड' मी टाळतो. बंगाली 'टॉलिवूड'मागे निदान कोलकात्याचं टॉलिगंज आहे, 'बॉलिवूड'मागे बॉम्बे. इथे नुसतं भाषेचं आद्याक्षर उसन्या शेपटाला चिकटवलंय. मलयाळी माणूस रोजच्या बोलण्यात सिनेमाला 'पडम' म्हणतो. आपल्या 'चित्रपटा'तल्या 'पट'चा तो नातलगच.