गोबरगॅसपासून प्लाझ्माने हायड्रोजन काढता येईल का? (गाव यवतमाळ जिल्ह्यात, 2 घनमीटरचं संयंत्र)

येतो, पण घरच्या संयंत्रावर करू नका.

प्लाझ्मा म्हणजे विजेच्या ठिणगीने अतिशय तापून वीजवाहक झालेला वायू. त्या ठिणगीत गोबरगॅसमधला जळणारा वायू, मिथेन, हवेशिवाय फुटतो: 4 किलो मिथेनमधून 1 किलो हायड्रोजन आणि 3 किलो काजळी. 1 किलो हायड्रोजनला हिशोबाने सव्वापाच युनिट वीज पुरते, प्रत्यक्षात दुपटीच्या वर धरा. पाण्यातून काढायचा तर 50 युनिट लागतात, म्हणून ही पद्धत मोलाची आहे. अमेरिकेत नेब्रास्कात मोनोलिथ कंपनी अशीच काजळी बनवते.

अडचण गोबरगॅसमध्ये आहे. त्यात मिथेन जेमतेम 55-60 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो आधी पाण्याने धुऊन काढला नाही तर प्लाझ्मात विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वासही नसतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड गंजलेल्या लोखंडी किसातून गाळावा लागतो. काजळी इलेक्ट्रोडवर (ठिणगी पाडणाऱ्या दांड्यांवर) साचून ठिणगी विझते. मधेच लाइन गेली की आत हवा शिरते. नायट्रोजनने नळी धुतल्याशिवाय पुन्हा चालू केलं तर स्फोट.

एवढं करून 2 घनमीटर गॅसातून 200 ग्रॅमही हायड्रोजन मिळत नाही, आणि मिथेनमधली जवळपास निम्मी ऊर्जा काजळीत अडकते. तुमचा गॅस चुलीवरच वापरा.