होलोग्राफिक डिस्प्लेमुळे व्हीआर हेडसेट चष्म्याइतका हलका होईल का? त्यासाठी थांबावं का?

होईल, पण त्यासाठी थांबू नका. ऑप्टिक्स हा माझा रोजचा विषय. 'होलोग्राफिक' शब्द दिसला की मी आधी बघतो, होलोग्राफिक काय आहे, भिंग की चित्र?

हेडसेट पुढे एवढा येतो तो मुख्यतः पोकळीमुळे. डोळ्याजवळच्या पडद्यावर नजर ठरत नाही, म्हणून मध्ये भिंग लागतं आणि पडदा त्याच्या नाभीय अंतराशी, साधारण 4 सेंटिमीटरवर ठेवावा लागतो. पॅनकेक भिंगं प्रकाश आतल्या आत दुमडून ही जागा वाचवतात, पण अर्धपारदर्शक आरशामुळे किमान तीन चतुर्थांश उजेड वाया जातो.

होलोग्राफिक भिंग म्हणजे भिंगाचं काम करणारी पातळ फिल्म. फेसबुकच्या संशोधकांनी 2020 मध्ये अशा फिल्मने 9 मिलिमीटरपेक्षा पातळ रचना दाखवली. चित्र मात्र सपाटच.

खरी गंमत चित्रच होलोग्राफिक करण्यात आहे. लेझरचा प्रकाश एका पॅनेलवर पडतो, तिथला प्रत्येक पिक्सेल लहरीची कला (फेज) किंचित मागेपुढे करतो आणि व्यतिकरणातून, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून, जवळची वस्तू खरोखर जवळ, लांबची लांब उमटते. डोळा नेहमीसारखा फोकस बदलतो. आजच्या हेडसेटमध्ये दोन्ही डोळे जवळच्या वस्तूकडे वळतात, पण फोकस दूरच अडकलेला असतो. बऱ्याच जणांचे डोळे शिणतात ते यानेही.

एनव्हिडिया आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये असा चष्मा दाखवला. ऑप्टिक्सची जाडी 2.5 मिलिमीटर, चष्म्याचं वजन 60 ग्रॅम (सर्किट बोर्ड वगळून, हे विसरू नका). पण दृश्य जेमतेम 23 अंशांचं आणि आयबॉक्स, म्हणजे बाहुली जिथे असली तर चित्र दिसतं ती जागा, 2.3 मिलिमीटरची. बाहुली स्वतःच 2 ते 8 मिलिमीटरची असते. नजर थोडी वळवली की चित्र गायब! म्हणून त्यांना आयबॉक्स डोळ्यामागोमाग सरकवण्याची सोयही करावी लागली.

ही कारागिरीतली उणीव नाही. दृश्याची रुंदी आणि आयबॉक्स यांचा गुणाकार पिक्सेलची संख्या गुणिले तरंगलांबी यावर बांधलेला असतो. आडवे 3840 पिक्सेल, हिरवा प्रकाश आणि 80 अंशांचं दृश्य धरलं तर हिशेबात आयबॉक्स दीड मिलिमीटर उरतो. दोन्ही दुप्पट हवे तर आडवे पिक्सेल चौपट लागतात, आणि उभ्या दिशेलाही तेच गणित. वर लेझरमुळे चित्रावर येणारे दाणेदार ठिपके आहेतच.

तेव्हा घ्यायचा असेल तर पॅनकेक भिंगांचा हेडसेट बघा. आणि होलोग्राफिक चष्म्याची पुढची बातमी आली की वजनाआधी आयबॉक्सचा आकडा शोधा.